टी गाडीचे चार प्लग : मामा-भाच्याचा एक संवाद

मोटारगाडीच्या आरंभकाळाचा इतिहास लिहिणारे लेखक चाके, सांगाडे आणि अश्वशक्ती यांच्याविषयी जितक्या आस्थेने लिहितात तितक्या आस्थेने सिलिंडरच्या माथ्यावर बसणाऱ्या त्या अंगठ्याएवढ्या प्लगविषयी लिहीत नाहीत. आणि तरीही कार्ल बेन्झसारख्या माणसाने प्रज्वलन हाच मोटारीच्या सर्व प्रश्नांतला मूळ प्रश्न मानला होता, डाइमलरने ठिणगीच्या भानगडीत न पडता तापलेल्या नळीवर भिस्त ठेवली होती, आणि लेन्वारने १८६० मध्येच आपल्या वायुइंजिनात विजेची ठिणगी पाडून दाखवली असली तरी ती ठिणगी भरवशाची होण्यास, म्हणजे बॉशच्या कारखान्यात गोटलोब होनोल्डने १९०२ मध्ये उच्च दाबाचा मॅग्नेटो व त्याला साजेसा प्लग सिद्ध करीपर्यंत, चार दशके जावी लागली होती.

पुढील संवाद ज्या दोघांचा आहे त्यांपैकी मामा कोल्हापुरात मोटारदुरुस्तीचा कारखाना चालवून आता निवृत्त झाले आहेत, आणि भाचा सरकारी दफ्तरखान्यात जुने कागद सांभाळण्याच्या कामावर आहे. फोर्डची एक टी गाडी दोघांच्या सामायिक ताब्यात असून तिच्या चार प्लगांवरून दोघांत तंटा आहे. वय पाहता जुन्याचा कैवार मामांनी घ्यावा आणि नव्याचा भाच्याने, अशी वाचकाची अपेक्षा असेल. प्रत्यक्षात ती उलट ठरते, आणि मला तर तेच स्वाभाविक वाटते, कारण जुन्या वस्तूंचा मोह बहुधा त्यांनाच पडतो ज्यांना त्या वस्तूंनी भर पावसात घाटात उभे केलेले नसते.

भाचा : मामा, चारही चॅम्पियन एक्स काढून त्यांच्या जागी नवे प्लग बसवण्याचा तुमचा निश्चयच असेल तर माझी हरकत आधी नोंदवून घ्या. १९०८ पासून १९२७ पर्यंत दीड कोटीहून अधिक टी गाड्या बाहेर पडल्या, आणि त्यांतल्या फार मोठ्या भागाला कारखान्यातच हा एक्स प्लग लावलेला असे. आमच्या दफ्तरात एखाद्या जुन्या सनदेवरची शाई फिकी झाली म्हणून कोणी तिच्यावर नवी शाई फिरवू लागला तर आम्ही त्याचा हात धरू. ही गाडीदेखील एक दस्तऐवजच आहे, आणि तुम्ही तिच्यावर खाडाखोड करायला निघाला आहात.

मामा : हरकत नोंदवली. आता माझा खुलासा ऐक. तुझी सनद कपाटात निजून असते. तिला कोणी हँडल मारून सुरू करीत नाही, की तिच्या पोटात कोणी तेल उडवीत नाही. या इंजिनाला तेलाचा पंपच नाही. फ्लायव्हील तेलात बुडते आणि फिरता फिरता ते तेल सर्वत्र भिरकावते, त्यातले थोडे एका नळीने पुढच्या टोकाला जाते आणि तिथून मागे वाहत येते. एवढ्यावरच सगळा कारभार. त्यातून जितके तेल पिस्टनच्या रिंगांना चुकवून वर चढते ते जळते, आणि त्याची काजळी प्रथम कुठे बसते? तुझ्या ऐतिहासिक प्लगाच्या चिनी मातीवर. काजळी म्हणजे कोळसा, आणि कोळशातून वीज वाहते. मग ठिणगीने फट ओलांडण्याचे कष्ट घ्यावेत कशाला? ती त्या काजळीवरून गुपचूप खाली उतरून लोखंडात निघून जाते, गाडी मिसिंग करू लागते, आणि तू म्हणतोस कॉइल बिघडली.

भाचा : पण तेलकट इंजिनासाठीच तर या प्लगाची बांधणी तशी केलेली आहे! मधला चिनी मातीचा गाभा एका नटाने बसवलेला आहे. नट सैल केला की गाभा बाहेर येतो, आतबाहेर साफ करता येतो, आणि फुटलाच तर एकटा गाभा बदलून कवच तेच ठेवता येते. तुमचा नवा एकसंध प्लग मात्र बिघडला की उकिरड्यावर जातो. शिवाय फोर्डने मालकांसाठी छापलेल्या पुस्तिकेत साफ बजावले आहे की, गॅरेजवाल्यांचे मत काहीही असो, निरनिराळ्या बनावटीचे प्लग लावून पाहण्यात कसलाही लाभ नाही, कारखान्यातून आलेले प्लगच या इंजिनाला सर्वांत योग्य होत.

मामा : (हसून) पुस्तिका लिहिणाऱ्याला माझ्यासारखा कोणी तरी भेटलेला दिसतो. त्याचे म्हणणे मी फेटाळीत नाही. पण ते त्याने कारखान्यातून नुकत्याच निघालेल्या, रिंगा करकरीत असलेल्या इंजिनासाठी लिहिले होते, शंभरीला टेकलेल्या इंजिनासाठी नव्हे. आणि त्याच पुस्तिकेत पुढे साफसफाईची जी रीत दिली आहे ती तू वाचलीस काय? ऊठ, तो दुसऱ्या सिलिंडरचा प्लग आण इकडे.

इथे मला संवाद क्षणभर थांबवून मामांच्या हातांकडे वाचकाचे लक्ष वेधले पाहिजे. त्यांनी प्लगाचे षट्कोनी कवच वाइसमध्ये धरले, वरचा नट पान्ह्याने बेताने फिरवला, गाभा अलगद उचलून खिडकीशी नेला, पेट्रोलमध्ये बुडवलेल्या दात घासण्याच्या जुन्या ब्रशने त्याचे टोक घासले आणि फडक्याने कोरडे केले. काजळी निघून गेली तरी टोकापासून अर्ध्या बोटापर्यंतचा पट्टा मंद, खरखरीत दिसत होता. त्याच्या वरची चिनी माती मात्र कपासारखी चकचकीत होती.

मामा : हे पाहा. कोणी तरी, कधी तरी, हुशारी करून यावर पॉलिश पेपर मारला आहे. वरची काचेसारखी झिलई गेली, आतली सच्छिद्र माती उघडी पडली. आता तू कितीही साफ कर, काजळी या खरखरीत जागी पूर्वीपेक्षा लवकर धरणार. पुस्तिकेने नेमके हेच बजावले होते : चाकूने काजळी काढा, पण झिलईला धक्का लावू नका, आणि नट परत बसवताना इतका आवळू नका की चिनी माती तडकेल. या दोन्ही गोष्टी दहा मालकांपैकी किती जण पाळीत असतील? तडा गेला तर तो डोळ्यांना दिसतही नाही. थंड असताना प्लग चालतो, तापला की चूक करू लागतो, आणि मालक कार्ब्युरेटर उघडून बसतो. दुरुस्त करता येणारी वस्तू चांगली, हे तुझे तत्त्व मला मान्य आहे. पण दुरुस्ती करता येणारी प्रत्येक वस्तू दुरुस्तीत बिघडवताही येते, हे माझ्या धंद्याने मला शिकवले. माझ्या नव्या प्लगाच्या पोटात ॲल्युमिनाची चिनी माती असते, जुन्या पोर्सेलीनपेक्षा कितीतरी कणखर. आणि तो उघडताच येत नसल्याने तुझ्यासारख्या विद्वानाच्या तावडीत सापडत नाही.

भाचा : मग न वापरलेले, जुन्या खोक्यातले एक्स मागवू. तसे प्लग अजून मिळतात.

मामा : मिळतात, आणि पाहायला सुंदर असतात. पण गाभ्याखालची चकती इतकी वर्षे पडून सुकलेली असते. असा प्लग घेतलास तर गाडी चालू असताना त्या नटाच्या भोवती तेलाचा एक थेंब सोड. बुडबुडे आले की समज, सिलिंडरातला दाब तिथून पळतो आहे. नट किंचित आवळून बुडबुडे थांबले तर ठीक. नाही थांबले तर तो प्लग काचेच्या कपाटात ठेव, तिथे तो शोभेल.

भाचा : त्यापेक्षा सोपी परीक्षा मला एका मिस्त्रीने दाखवली होती. प्लग बाहेर काढून सिलिंडरच्या माथ्यावर आडवा ठेवायचा, हँडल मारायचे, आणि ठिणगी पडते का ते पाहायचे. आपले चारही प्लग त्या परीक्षेत उत्तीर्ण झाले आहेत.

मामा : मोकळ्या हवेत उत्तीर्ण झाले! आत कोंडलेल्या मिश्रणात काय? हवा जितकी दाटावी तितकी ठिणगीला फट ओलांडणे जड जाते. टी गाडीचे संपीडन फार नाही, चारास एक इतकेच धर. तरी आतली हवा बाहेरच्यापेक्षा कितीतरी दाट असते, आणि तिथे विजेला दोन वाटा खुल्या असतात, एक फटीतून आणि दुसरी काजळीवरून. बाहेर सोपी असलेली पहिली वाट आत बिकट होते, म्हणून ती दुसरी धरते. यापेक्षा फोर्डची स्वतःची रीत शंभर पटीने बरी. डॅशवरच्या लाकडी पेटीत चार कॉइली आहेत, त्यांचे कंपक गाडी चालू असताना बोटाने एकेक दाबून धर. ज्याला दाबल्याने इंजिनाच्या चालीत फरकच पडत नाही, तो सिलिंडर आधीच मेलेला आहे. मग त्याचा प्लग शेजारच्याशी बदल. मिसिंग प्लगाबरोबर सरकले तर दोष प्लगाचा. जागच्या जागी राहिले तर दुसरीकडे शोध.

भाचा : बरे, कंपकांवरून आठवले. फटीविषयी मी दोन परस्परविरुद्ध आकडे वाचले आहेत. फोर्ड म्हणतो एक इंचाचा बत्तिसावा भाग, म्हणजे पाऊण मिलिमीटरहून थोडी जास्त; आणि त्याच काळातल्या मॅग्नेटोच्या गाड्यांचे जाणकार सांगतात अर्धा मिलिमीटर, किंबहुना त्याहूनही कमी. कोण खरे?

मामा : दोघेही, आपापल्या हद्दीत. उच्च दाबाचा मॅग्नेटो हँडलच्या मंद फेऱ्यावर अशक्त असतो, त्याला रुंद फट दिलीस तर गाडी सुरूच होणार नाही. आपल्या टी मध्ये मॅग्नेटो आहे खरा, पण तो फ्लायव्हीलवर बसवलेल्या सोळा चुंबकांचा, कमी दाबाचा. तो नुसती वीज पुरवतो, दाब चढवतात त्या चार कॉइली. आणि कंपक थरथरत असल्याने एका ठिणगीऐवजी ठिणग्यांची सरच पडते. एक चुकली तर दुसरी पेटवते. म्हणून तर हे इंजिन इतक्या घाणेरड्या प्लगांवरही कण्हतकुंथत चालत राहते, आणि मालकांना वाटते प्लग ठीक आहेत! रोल्स-रॉइसवाल्यांनी सिल्व्हर घोस्टमध्ये दर सिलिंडरला दोन प्लग दिले, एक मॅग्नेटोच्या दिमतीला आणि दुसरा कंपकाच्या कॉइलीच्या; म्हणजे सहा सिलिंडरांना बारा. इतका बंदोबस्त त्यांना का करावासा वाटला, याचा विचार कर.

भाचा : तुम्ही स्वतःच माझी बाजू मांडता आहात, मामा. कंपकाची कॉइल जर इतकी क्षमाशील आहे, तर जुन्या प्लगांवर एवढा राग का?

मामा : राग प्लगावर नाही, त्याच्या उष्णतेच्या हिशेबावर आहे. हा मुद्दा नीट ऐक, कारण निवडीचा सारा निकाल यावर लागतो. बनावटीचे नाव, पितळी टोपी, जुने खोके, हे सगळे त्याच्या मागून येते. प्लगाच्या आतल्या टोकाला इतके तरी तापले पाहिजे की त्याच्यावर बसलेली काजळी त्याच्याच उष्णतेने जळून जाईल. त्यासाठी सुमारे पाचशे अंश लागतात. आणि ते इतकेही तापता कामा नये की ठिणगीची वाट न पाहता तेच मिश्रण पेटवून देईल; साडेआठशे-नऊशे अंशांच्या पुढे ती भीती सुरू होते. टोक किती तापेल हे ठरते आतल्या चिनी मातीच्या लांबीवर. लांब नाक असेल तर उष्णतेला कवचापर्यंत पोचायला लांबचा रस्ता, म्हणून टोक तप्त राहते. आखूड नाक असेल तर उष्णता झटक्यात निघून जाते. पुष्कळांचा समज असतो की उष्ण प्लग म्हणजे जबर ठिणगी. ठिणगीचा त्याच्याशी काही संबंध नाही.

भाचा : आणि आपल्या इंजिनाला कोणता लागतो?

मामा : वीस अश्वशक्ती, जवळजवळ २.९ लिटरचे पोट, संपीडन हे एवढेसे, आणि वर तेलाचा मारा. याहून थंड वृत्तीचे इंजिन शोधून सापडणार नाही. याला लांब नाकाचा, उष्ण प्लगच हवा. उलट शर्यतीच्या गाड्यांना थंड प्लग लागत. केनेल्म ली गिनेस हा आयरिश शर्यतपटू स्वतः प्लगांचा कारखानदार झाला, आणि त्याच्या के.एल.जी. प्लगांत पोर्सेलीनऐवजी अभ्रकाच्या चकत्या असत, कारण तसल्या इंजिनाच्या धगीत चिनी माती तडकून जाई. ते अभ्रक त्या काळी जगाला मोठ्या प्रमाणावर आपल्या कोडर्म्याकडून मिळे, हे तुझ्या दफ्तरात कुठे तरी नोंदलेले असेलच. पण असा भारी प्लग हौसेने कोणी टी गाडीत घातला तर तो दोन फर्लांगांत काळा पडेल. महाग प्लग म्हणजे बरा प्लग, ही समजूत श्रीमंत मालकांची. तिच्यावर आमचे कारखाने चालत, म्हणून मी तिला फारशी नावे ठेवीत नाही.

भाचा : मग तुमचा नवा प्लग? तो तर आजच्या इंजिनासाठी केलेला असतो, ज्याचे संपीडन याच्या दुप्पट-अडीचपट. तुमच्याच हिशेबाने तो थंड ठरतो. आणि दुसरे असे, की आपल्या सिलिंडरच्या माथ्याला नळाचे निमुळते आटे आहेत, अर्ध्या इंचाचे. तुमचा चौदा मिलिमीटरचा प्लग तिथे बसणार कसा? मधे एक जोडतुकडा घालून. म्हणजे प्लग तेवढा वर उचलला जाणार, त्याचे नाक त्या तुकड्याच्या विहिरीत दडून बसणार, ताजे मिश्रण त्याच्यापर्यंत पोचायला अडखळणार, आणि उष्णतेला बाहेर पडायला एका सांध्याऐवजी दोन सांधे ओलांडावे लागणार. सनदेवर शाई फिरवण्यापेक्षा हे वाईट; हा तर सनदेला ठिगळ लावण्याचा प्रकार झाला.

मामा यावर काही वेळ बोलले नाहीत. त्यांनी खिशातून चष्मा काढला, जोडतुकडा हातात घेऊन त्याची खोली नखाने मापली आणि तो बाकावर ठेवून दिला. माझ्या मते या संपूर्ण वादात भाच्याने मांडलेला हा सर्वांत बळकट मुद्दा होता, आणि मौज अशी की तो त्याने दस्तऐवजाच्या पावित्र्यावरून नव्हे, मामांच्याच उष्णताशास्त्रावरून मांडला होता.

मामा : जोडतुकडा नको. एवढे मान्य. ज्यांच्या गाडीला युरोपी पद्धतीचे अठरा मिलिमीटरचे आटे आहेत त्यांना आजही सरळ बसणारा प्लग मिळतो, त्यांची गोष्ट वेगळी. आपल्याला अर्ध्या इंचाच्या निमुळत्या आट्यांचाच, एकसंध बांधणीचा, लांब नाकाचा प्लग शोधला पाहिजे. तसे प्लग निघतात.

भाचा : आणि एक्स?

मामा : चारांपैकी दोनांची झिलई शाबूत आहे, ते राहू देत. उरलेल्या दोहोंचे गाभे बदलू. तुझ्या त्या दुरुस्तीच्या तत्त्वाला तेवढी संधी देऊ. पण त्याआधी रिंगा पाहायच्या आणि मिश्रण थोडे विरळ करायचे, कारण वर चढणारे तेल आणि जास्तीचे पेट्रोल थांबले नाही तर जगातला कुठलाच प्लग तुला न्याय देणार नाही. एकसंध प्लगांचा संच हत्यारांच्या पेटीत राहील, लांबच्या प्रवासासाठी. आणि कोणते केव्हा लावले याची नोंद तू ठेव. ते काम तुझ्या खात्याचे.

भाचा : तारीखवार ठेवीन. पण एक खुलासा राहिला. निमुळत्या आट्यांना खाली चकती नाही. मग किती आवळायचे?

मामा : आटेच निमुळते असल्याने तेच दाब रोखतात, आणि तेच उष्णता बाहेर नेतात, म्हणून सैल ठेवून चालत नाही. पण तापलेल्या इंजिनावर जीव खाऊन आवळशील तर थंड झाल्यावर तो प्लग तुला सोडवता येणार नाही. थंड इंजिनावर बसव, हाताने फिरेल तितका फिरव, मग पान्ह्याने बेताचा एक झटका. बस्स.

वाद इथे संपला नाही. पितळी टोपीच्या मूळ रंगावरून तो पुढे बराच वेळ चालला, पण त्यात वाचकाच्या उपयोगाचे काही नव्हते. माझा कौल विचाराल तर जोडतुकड्याच्या बाबतीत तो भाच्याच्या बाजूने आहे आणि कामाच्या क्रमाच्या बाबतीत मामांच्या. मूळपणाचा आग्रह धरणाऱ्यांनी हेही ध्यानात घ्यावे की या गाड्या नव्या असतानादेखील मालक वाटेल त्या बनावटीचे प्लग लावीत होते, अन्यथा त्यांना तसे न करण्याविषयी छापील ताकीद देण्याची फोर्डला गरजच पडली नसती. ज्या कोणा वाचकाकडे अशी गाडी असेल त्याने नवे प्लग मागवण्यापूर्वी जुने चारही काढून क्रमाने फडक्यावर मांडावेत आणि त्यांची टोके उजेडात न्याहाळावीत. टोक फिके तपकिरी असेल तर तो प्लग, मग तो कोणत्याही बनावटीचा असो, बदलू नये. कोरडी काजळी असेल तर आधी मिश्रण विरळ करावे. ओले तेल असेल तर रिंगा पाहाव्यात. आणि पांढरे पडून टोक फुगलेले असेल तर मात्र त्याहून थंड प्लग विनाविलंब लावावा.